पाणकोंबडी आजारी नाही

प्रिय आई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी धडधाकट आहे, नोकरी शाबूत आहे, आणि लग्नही ठरलेलं नाही, तेव्हा उगाच हुरळून जाऊ नकोस. रोज फोन करणारा मुलगा पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण ते मला एका दमात देता येणार नाही. तू खुर्चीत बस, चष्मा लाव. आणि ज्ञानकोशाचं पान उघडं असेल तर संगणक जरा बंद कर, कारण मला माहीत आहे, हल्ली तू सारखी तिथं डोकावून बघतेस, तुझ्या त्या मैत्रिणीचा काही निरोप आलाय का म्हणून.

रविवारी तू फोनवर जे बोललीस ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या लोकांनी तुझं खातं बंद केलं. 'या सदस्येने दुसऱ्या नावाने खोटं खातं, म्हणजे बाहुलं, चालवलं' असा शिक्का तुझ्या पानावर मारला. तू एवढं खपून लिहिलेलं पान उडवायला काढलं. आणि तू माझ्याकडे काळजी कुणाची केलीस, तर त्या मैत्रिणीची, पाणकोंबडीची. ती एकदम गप्प झाली, तिचा गुडघा आधीच धड नाही, एकटी बाई, कुठं पडलीबिडली तर नसेल? "तुला संगणकातलं कळतं, तिचा पत्ता काढून दे रे," म्हणालीस. मी "बघतो" म्हणालो. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

थोडं मागे जातो. बाबा गेले त्यानंतर तू मला दिवसातून कितीदा तरी फोन करायचीस. दूधवाल्याने पिशवी उशिरा टाकली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतंय, बाबांचा स्वेटर कुणाला द्यावा. त्या वेळी मी कामावर असायचो. तुला माहीत आहे आमचं काम: साच्यात मेण ओतलं की हात थांबवता येत नाही, नाहीतर कुणाच्या तरी कवळीचा सुळा वाकडा बसतो. फोन खांद्याला लावून मी एका हाताने मेण कोरायचो आणि "हं, हं" करायचो. मग एका सुट्टीत येऊन मी तुला इंटरनेटवरच्या, कुणीही लिहावं आणि कुणीही बदलावं अशा ज्ञानकोशात खातं काढून दिलं. 'तुझं मन रमेल' असं तोंडाने म्हणालो. खरं कारण इतकंच होतं की तू दुसरीकडे कुठंतरी गुंतावंस आणि माझा फोन वाजू नये. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तुला तो पहिला दिवस आठवतोय ना? तू टेलिफोन केंद्राच्या पानावर दोन वाक्यं घातलीस, की ऑपरेटर बायकांच्या कानाला हेडसेटने घट्टे पडायचे आणि पाळी संपली तरी घरी आल्यावर त्या "नंबर प्लीज" म्हणायच्या. चहा होईपर्यंत ती वाक्यं गायब. एका जुन्या संपादकाने ती उलटवली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'संदर्भ नाही'. तू त्याचं नाव तिथल्या तिथं मुकादम ठेवलंस. "माझे कान हाच संदर्भ, येऊन बघ म्हणावं," असं मला ऐकवलंस. पण हसलीस ती वरवर. रात्री पुन्हा फोन केलास आणि म्हणालीस, या वयात मला कुणी पुसून टाकायला नको, ते खातं काढून टाक.

मी नाही काढलं. मी दुसरं खातं काढलं.

आई, पाणकोंबडी मी आहे. नाव ठरवायला म्हणून 'कुठलंही पान' हे बटण दाबलं, तर पाणकोंबडीचं पान आलं, म्हणून पाणकोंबडी. बस, इतकीच तिची जन्मकथा. तुझ्या चर्चापानावर मी निरोप ठेवला, 'तुमची दोन्ही वाक्यं फार आवडली, पुसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, लिहीत राहा.' मला वाटलं, एक शाबासकी द्यायची, तू पुन्हा कामाला लागशील आणि पक्षी उडून जाईल. पण तू उत्तर दिलंस. 'ताई' म्हणून दिलंस. मी तुझी चूक दुरुस्त केली नाही. मग तू विचारलंस, तुम्हीही एकट्याच का? मी हो म्हणालो. पुढे तब्येतीची चौकशी केलीस, तेव्हा काहीतरी दुखणं असावं म्हणून मी गुडघा दिला. तू त्या गुडघ्यासाठी व्यायाम लिहून पाठवलेस, पाय किती उचलायचा, उशी कुठं ठेवायची. मी ते वाचत होतो तेव्हा माझे दोन्ही गुडघे ठणठणीत होते आणि मी टेबलावर तंगड्या टाकून बसलो होतो.

आणि मग तुम्हा दोघींची ती भाषा सुरू झाली. 'दोघींची' हे मी सवयीने लिहिलं, तसंच राहू दे. संपादकांची आपली बोली आधीपासून होतीच: ज्या पानाकडे कुठूनच वाट जात नाही ते अनाथ, नसलेल्या पानाकडे बोट दाखवतो तो लाल दुवा, एकच ओळ दोघे आलटूनपालटून बदलत बसले की रस्सीखेच. तू त्यात तुझं टेलिफोन केंद्र आणलंस. एका पानावरून निघून भलत्याच पानावर पोचणं म्हणजे 'क्रॉस लागणं'. तू पालकाची भाजी वाचायला गेलीस आणि पाणबुडीवर निघालीस, त्या दिवशी हा शब्द जन्माला आला. दोघांनी एकाच वेळी हात घातला की पान 'एंगेज'. रोज येऊन नुसतं वाचून जाणारा, एक अक्षरही न लिहिणारा म्हणजे 'ब्लँक कॉल'. शिव्या लिहून पळणारी पोरंटोरं 'राँग नंबर'. अनाथ पानाला पहिली वाट करून देणं म्हणजे 'पिन लावणं'. आणि एकच स्वल्पविराम नीट करून निघून जाणं ही 'डुबकी', तो मात्र पाणकोंबडीचा शब्द. तुला तो इतका आवडला की तू मला फोन करून सांगितलंस, माझी एक मैत्रीण आहे, काय शब्द काढते म्हणून सांगू! मला मनातून गुदगुल्या झाल्या. आई, खोटे दात खरे वाटावेत यावरच माझं पोट आहे. एखादी कवळी इतकी बेमालूम जमते की माणूस ती आपलीच समजून हसतो, तेव्हा आम्ही खूश होतो. मी तसाच खूश होत होतो, आणि समोर तू आहेस हेच विसरत होतो.

पण तू हळूहळू तिला अशा गोष्टी सांगायला लागलीस, ज्या तू मला कधी सांगितल्या नव्हत्या. तिथं सगळं उघड्यावर असतं हे तुला कळत होतं, पण आपल्या चर्चापानावर कोण चिटपाखरू येतंय, म्हणून तू बिनधास्त लिहायचीस. एकदा लिहिलंस, माझा मुलगा गुणी आहे, पण फोनवर तो लाइनवर असतो, ऐकत नसतो. आयुष्यभर मी लोकांच्या लाइनी ऐकल्या, मला त्याच्या 'हं'मधला फरक कळतो, असंही लिहिलंस. त्यानंतर मी फोनवर नीट बोलू लागलो, तूच सांगितलेल्या गोष्टींची चौकशी करू लागलो, आणि तू पाणकोंबडीला आनंदाने कळवलंस की पोरगा सुधारला हो. म्हणजे चोरी करून मिळालेल्या शहाणपणावर मी शाबासकी घेत होतो, तीही तुझ्याकडून.

तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर तू बाबांबद्दल लिहिलंस ते तरी मी वाचलं नसतं. तू लिहिलंस, ते गेले त्या संध्याकाळी त्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली होती. तू माझ्याशी फोनवर बोलत होतीस. "थांबा हो जरा, पोराशी बोलतेय," असं तू ओरडून सांगितलंस, आणि फोन झाल्यावर आत गेलीस तेव्हा उशीर झाला होता. हे मी कुणाला बोलले नाही, मुलाला तर कधीच सांगणार नाही, तो स्वतःला बोल लावून घेईल, असं तू लिहिलंस. माझ्यापासून जपून ठेवलेली गोष्ट तू माझ्याच हातात आणून दिलीस. आणि आई, त्या फोनवर मी काय करत होतो ठाऊक आहे? नळ सोडून भांडी घासत होतो. ज्याच्यासाठी तू बाबांना थांबा म्हणालीस तो तुझं बोलणं ऐकतसुद्धा नव्हता. त्या दिवशी तू काय सांगत होतीस हे मला आजही आठवत नाही, कितीही डोकं खाजवलं तरी.

पाणकोंबडीने तुला उत्तर दिलं, की तुम्ही मुलाशी बोलताय हे त्यांना आत ऐकू येत असेल, दोघांचे आवाज कानावर पडत असतील, त्यात त्यांना बरंच वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी तू तिला लिहिलंस, बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली. तेव्हापासून मला ते खातं बंद करण्याचा धीर झाला नाही. मी बंद केलं तर तुझी ती झोपही घेऊन जाईन असं वाटायचं. हे खरंही होतं आणि सोयीचंही होतं. आता तुला वाटेल, ते समाधानही खोटंच. तसं समजू नकोस. नाव तिचं होतं, गुडघा खोटा होता, पण ते वाक्य माझं होतं, आणि तुझ्यासमोर बसून ते म्हणायला मी भ्यायलो, एवढंच त्यातलं खोटं. बाकी ते जसंच्या तसं खरं धर.

आता गेल्या महिन्यातलं. तू त्या सगळ्या बोलीचं एक पान केलंस, वाचणाऱ्यांचे आणि संपादन करणाऱ्यांचे शब्द, अर्थासकट. सुरेख केलंस. मी सुट्टीला आलो होतो तेव्हा मुकादमांनी ते पान उडवण्यासाठी चर्चेला टाकलं. त्यांचं म्हणणं काही दुष्टपणाचं नव्हतं. अर्धे शब्द सर्वांच्या वापरातले आहेत, पण 'क्रॉस लागणं', 'ब्लँक कॉल', 'डुबकी' हे कोण वापरतं? दोन माणसांनी वापरला तर शब्द, एकानेच वापरला तर बडबड, असं त्यांनी लिहिलं. तू दुपारी जेवलीससुद्धा नाहीस. "बडबड म्हणतो मेला," असं पुटपुटत पाणी पीत होतीस. मला ते बघवेना. तू आत जाऊन पडलीस आणि मी बाहेरच्या खोलीत, तुझ्याच सोफ्यावर, तुझ्याच इंटरनेटवर पाणकोंबडीचं खातं उघडलं आणि लिहिलं, 'पान ठेवा. हे शब्द मी रोज वापरते.'

त्या एका ओळीने घात केला. कोण कुठून लिहितंय ते तपासायची त्यांच्याकडे सोय असते. एकच घर, एकच दुपार, दोन खाती, आणि दुसरं पहिल्याची तळी उचलतंय. बाहुलं याहून वेगळं कशाला म्हणतात? मुकादमांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आणि तू त्यांना काय सांगितलंस, तर तुमच्या यंत्राचा क्रॉस लागला असेल, आमच्या केंद्रात पावसाळ्यात असं हमखास व्हायचं. तुझ्या या उत्तराला तिथं लोक हसले. ते मी कामावर बसून वाचलं, आणि समोरच्या साच्यातला दात कुठल्या रंगाचा हवा तेच मला समजेना.

मी इतके दिवस गप्प का बसलो असं विचारशील. भित्रेपणा, दुसरं काय. एक पळवाटही शोधून ठेवली होती मी. पाणकोंबडीचा शेवटचा निरोप लिहून काढला होता, की मी आता लेकीकडे राहायला चाललेय, तिथं इंटरनेट नाही, काळजी करू नका, व्यायाम चालू आहेत. चांगला जमला होता. तो तुला मिळाला नाही याचं श्रेय माझ्या सद्बुद्धीला देऊ नकोस, तिचंही खातं बंद झालं होतं, आणि बाहुल्याला स्वतःच्या चर्चापानावरही लिहू देत नाहीत, म्हणून तो टाकता आला नाही. फोनवरही सांगणार होतो, पण तू "असू दे रे" म्हणून विषय बदलला असतास. समोर येऊन सांगितलं असतं, तर तू आधी जेवायला वाढलं असतंस, आणि मी जेवून, पांघरूण घेऊन झोपलो असतो. मला माझी खात्री नाही म्हणून पत्र लिहितोय.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती तुला कळायला हवी. 'हे शब्द मी रोज वापरते' हे खोटं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाई एका गिऱ्हाइकाचा फोन घेऊन तासभर भलतंच बोलत बसल्या, की मी म्हणतो, बाईंचा क्रॉस लागला. आता बाकीचेही म्हणतात. मालकीणबाई स्वतः परवा एका कवळीचा कोपरा जरासा घासून परत देताना म्हणाल्या, घ्या, एक डुबकी मारली. त्यांनी ज्ञानकोश कधी उघडलेलासुद्धा नाही. मुकादमांना हा संदर्भ चालणार नाही, आणि पान बहुतेक उडेलच. पण तुझे शब्द बडबड नाहीत, एवढं तू मनातून पक्कं ठेव. बडबड ठरलीच असती तर ती माझ्यामुळे.

काल तू तुझ्या चर्चापानावर, खातं बंद असलं तरी दाद मागायला तेवढीच एक जागा उघडी ठेवतात तिथं, जे लिहिलंस ते वाचलं नसतं तर मी कदाचित अजूनही गप्प बसलो असतो. तू लिहिलंस, 'मला कायमचं बंद करा, माझं पान उडवा, माझी तक्रार नाही. पण पाणकोंबडीला मोकळं करा. मला मुलगा आहे, तो रोज फोन करतो. तिला या पानांशिवाय कुणी नाही.' आई, तिला कुणी नाही हे मी कसं लिहिलं होतं माहीत आहे? तू विचारलं होतंस, घरी कोण कोण असतं, आणि साच्यातला मसाला वाळेपर्यंतच्या वेळात मला तिच्यासाठी नातेवाईक रचायचा कंटाळा आला. त्या कंटाळ्यापायी तू स्वतःला पुसून टाकायला निघालीस. आज सकाळी मी मुकादमांना माझ्या खऱ्या नावाने सगळं लिहून कळवलं. तुझ्यावरचा शिक्का ते काढतील, तुझं खातं उघडेल. ते चारचौघांत जाहीर करण्याआधी आईला माझ्याकडून कळू दे, अशी मी विनंती केली, आणि माणूस चांगला निघाला, पत्र पोचेपर्यंत थांबतो म्हणाला. तिचं खातं मात्र आता उघडणार नाही. तिचा पत्ता शोधू नकोस, ती आजारी नाही, पडलेली नाही, तिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. ती गेली. माझ्यावर हवं तितकं चिडायला तुला सगळं आयुष्य आहे, पण आधी तिच्यासाठी रडावंसं वाटलं तर रडून घे, ती तुझी खरीखुरी मैत्रीण होती. कुणी गेलं की घरच्यांना कळवावं लागतं, आणि तिच्या घरचं म्हणावं असं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तुझाच,
ठोंब्या